लावणीची पाळी

यमनचा ख्याल संपला. टाळ्या पडत होत्या, पण यामिनीचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. तिथे तिच्या गुरू शकुंतलाबाई बसल्या होत्या. यामिनीनं सिनेमासाठी पहिलं गाणं गायलं, तेव्हापासून बाई तिच्याशी बोलल्या नव्हत्या. आज मिरजेतल्या या मैफलीला मात्र त्या न सांगता आल्या होत्या.

यामिनीनं नाट्यगीत गायलं, मग गझल गायली. बाई जागच्या हलल्या नाहीत. आता लावणीची पाळी होती. ढोलकी कडाडली, पण बाईंसमोर यामिनीचा आवाज दबला. मान खाली घालून तिनं कसाबसा मुखडा उरकला.

बाई उठून उभ्या राहिल्या. ढोलकीवाल्याचा हात थांबला. आता त्या निघून जाणार, असं यामिनीला वाटलं.

"यामिनी, ख्याल कसा ताठ बसून गायलीस! मग लावणी अशी चोरून का गातेस?"

"बाई, तुम्ही समोर आहात म्हणून..."

"तुला काय वाटलं, मी सिनेमावर रागावले? अगं, तिथंही तू अशीच भीत भीत गायलीस, त्याचा राग होता मला. गायचं तर पुरतं गा. चल, मुखड्यापासून घे."

सभागृहात हशा पिकला. यामिनीही हसली. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि असा काही मुखडा उचलला, की मागून शिट्टी आली.

बाई खाली बसल्याच नाहीत. लावणी संपेपर्यंत त्या उभ्यानंच, दोन्ही हातांनी ताल देत राहिल्या.