पिवळं पान
पिकांवरच्या रोगांची भाकितं करणाऱ्या उर्वीचा दौलतला तिटकारा होता. गेल्या वर्षी कल्याणजवळच्या त्याच्या भेंडीच्या शेतात उभी राहून ती म्हणालेली, “काका, थंडी कमी होतेय. पुढच्या हंगामात पांढरी माशी पानं पिवळी करणारा नवा रोग इकडे आणेल.” तो खदखदून हसलेला, “ठाण्याला नौपाड्यात एसीत बसून माश्यांची कुंडली मांडतेस होय?” आज ती पुन्हा आली. “पिवळं पान दिसलं का? दिसलं असेल तर आसपासच्या गावांना सावध करायला हवं.” सकाळीच खुडलेलं पिवळंधमक पान दौलतच्या मुठीत होतं. पण या पोरीपुढे मान तुकवायची? ते चुरगाळत तो म्हणाला, “तुझं भाकीत फुकट गेलं. चालती हो!” ती वळली. तेवढ्यात त्याची बायको हौसाबाई बांधावरून ओरडली, “पोरी, थांब! आमच्या चार ओळी पिवळ्या पडल्यात.” नवऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.