कापसाचे बोळे

समजा, तुम्ही अमरावतीच्या एका सभागृहात अगदी पुढच्या रांगेत बसला आहात. पडदा नुकताच वर गेला आहे. स्टेजवर पासष्टीचे एक गृहस्थ उभे आहेत. पांढरे केस मानेवर आलेले, अंगात काळं चामड्याचं जाकीट, कोपरांवर विटलेलं. हे उत्तमराव. यांनी जन्मभर रॉक गायलं, म्हणजे गिटार आणि ड्रमच्या गदारोळावर आवाज चढवून, ओरडून गायलं. त्यांचं 'लाइट गेली' हे गाणं ठाऊक नाही, असा माणूस अमरावती-अकोल्यात सापडायचा नाही.

पण आज ते हे गाणं गाणार नाहीत. आज ते जॅझमधली जुनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी गाणार आहेत. ही गाणी हळू असतात. जेवणं झाल्यावर अंगणात बसून बोलावं, तशी.

त्याचं कारण अकोल्याचे डॉक्टर. त्यांनी उत्तमरावांच्या घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, "आता एकदा जरी ओरडलात, तर बोलण्यापुरता आवाजही राहील की नाही, सांगता येत नाही." नात करिश्मा तेव्हा शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिनं विचारलं, "आबाजी, मंग मले हाक कशी मारसान?"



साथीला उभ्या धर्मपालनं सॅक्सोफोन तोंडाला लावला. एरवी तो लग्नाच्या बँडमध्ये, नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवतो. आज त्यानं फुंकर जपून सोडली. ड्रमवाला काठ्यांऐवजी तारेचे ब्रश फिरवू लागला. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येत राहिला. उत्तमरावांनी पहिली ओळ म्हटली.

त्यांना काहीच वाटलं नाही. पूर्वी पहिल्या ओळीला अंगावर काटा यायचा. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात ना, मग गाल आपला असून आपला वाटत नाही? तसं झालं होतं त्यांचं. ओठ हलताहेत एवढं कळत होतं.

त्यांनी समोर पाहिलं. पुढच्या रांगेत मैनाबाई, त्यांची बायको, आणि शेजारी करिश्मा. दोघींच्या कानांत कापसाचे बोळे होते.

मैनाबाईंची ही लग्नापासूनची रीत. देवाच्या वाती वळायला धामणगावहून माहेरचा कापूस यायचा. त्यातले दोन बोळे कानांत कोंबायचे आणि नवऱ्याचा कार्यक्रम शेवटपर्यंत बसून पाहायचा. "त्यायचं गानं मी डोयानं आयकते," असं त्या शेजारणींना सांगत. आज गाणं हळू होतं, पण हातांची सवय तीच. नातीच्या कानांतही त्यांनीच बोळे घातले होते.

गाणं संपलं. या दोघींना ते संपल्याचं कळलंच नाही. मैनाबाई हसऱ्या चेहऱ्यानं तशाच पाहत राहिल्या. मागे कुठेतरी चार टाळ्या वाजल्या.

"माइक चालू करा ना जी!" एक जण ओरडला.

"काहून कुजबुजून राहिले, उत्तमभाऊ? कोनी झोपलं हाय का घरात?"

सभागृह हसलं. मग एकानं सुरुवात केली आणि सगळ्यांनी धरलं, "लाइट गेली! लाइट गेली!" पाय आपटले जाऊ लागले. फळ्या हादरल्या.

धर्मपाल कानाशी आला. "म्हनून टाका ना भाऊ, एकडाव. पब्लिक आयकून नाही राहिलं."

उत्तमरावांना राग आला नाही. भीतीही वाटली नाही. हातानं आपणहून माइक जवळ ओढला, पाय फाकले, मान मागे गेली, छातीत श्वास भरू लागला. ड्रमवाल्यानं ब्रश खाली ठेवले आणि काठ्या उचलल्या.

त्यांना दिसलं, करिश्मा उठली.

मागचा गोंधळ तिला ऐकू येत नव्हता. तिला फक्त आबाजी दिसत होते, आणि आबाजी असे उभे राहिले की पुढे ओरडतात, हे तिला पाठ होतं. ती बाजूच्या पायऱ्या चढून स्टेजवर आली आणि तिनं जाकिटाचं टोक ओढलं. उत्तमराव सवयीनं वाकले. तिनं आपल्या कानांतला एक बोळा काढून त्यांच्या उजव्या कानात घातला. दुसरा डाव्यात. मग बोटानं दोन्ही नीट आत दाबले.

सभागृह लांब गेलं, नदीपल्याडच्या जत्रेसारखं. माणसं तोंडं उघडत होती, मिटत होती.

आपले कान बंद केले की आपलाच आवाज आतून ऐकू येतो. तुम्हीही करून पाहा. उत्तमराव सरळ उभे राहिले. छातीतला श्वास त्यांनी सोडून दिला आणि नुसता "हं" असा सूर लावून पाहिला. तो अगदी जवळून आला.

करिश्मा पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीपाशी गेली. बसण्याआधी तिनं आजीच्या कानांतले बोळे काढले आणि आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवले.