टोपलीतला गोटा

“आमचा वाघ्या कोंबडीला तोंड लावत नाही,” कुंपणापलीकडून हौसाक्का सांगत होत्या, तेवढ्यात वाघ्या कुंपण ओलांडून माझ्या परसात उतरला. याच महिन्यात त्याने माझी दोन पिल्लं नेली होती.

मी काठी शोधेपर्यंत तो कोपऱ्यातल्या टोपलीपाशी पोचला. तिथे माझी खुडूक कोंबडी बसली होती. तिची अंडी मी केव्हाच काढून घेतली होती. उबवायला बसायची खोड मोडावी म्हणून तीन दिवस तिला बादलीत बुचकळत होते. तरी ती बाकीच्या कोंबड्यांनी तिथेच अंडी घालावीत म्हणून ठेवलेल्या पांढऱ्या गोट्यावर जाऊन बसायची.

वाघ्याने टोपलीत नाक घातलं. कोंबडी फुलून दुप्पट झाली आणि थेट त्याच्या तोंडावर झेपावली. वासराएवढा कुत्रा केकाटत पळाला. ती शांतपणे परतली, चोचीने गोटा पोटाखाली ओढून बसली.

“अगं, दगडासाठी?” हौसाक्का पुटपुटल्या.

वाघ्याला साखळीला बांधून त्या पदरात अंडी घेऊन आल्या. “ठेव हिच्याखाली.”

मी टोपलीत हात घातला. तिने कचकन टोचलं.

तिच्या लेखी वाघ्या आणि मी एकच होतो.