शिवणीचा रंग

चेंडूवरची लाल शिवण आता काळी दिसत होती. चेंडू मात्र अजून पिवळाधमक होता, त्यामुळे उजेड गेलाय हे कुणाला पटलं नसतं. होम प्लेटमागे उभ्या असलेल्या पंचबाईंनी तो बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला, हात लांब करून पाहिला आणि पिचरकडे परत टाकला. असं त्यांनी सलग दुसऱ्यांदा केलं, हे बाकापाशी उभ्या असलेल्या सरांच्या नजरेतून सुटलं नाही.

सर बॅटिंग करणाऱ्या मुलींचे प्रशिक्षक. सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्याची शेवटची इनिंग, दोघी बाद, एका धावेची पिछाडी, आणि बरोबरी साधून देणारी मुलगी तिसऱ्या बेसवर टाच उचलून तयार. मैदानाला दिवे नव्हते. खेळ थांबला तर मागच्या पूर्ण इनिंगचा गुणफलक धरायचा, असा नियम होता. म्हणजे करंडक समोरच्या संघाचा. आणि त्या संघात, पहिल्या बेसवर, पंचबाईंची सख्खी भाची खेळत होती. नेमलेले पंच सकाळी तापाने आडवे झाले, तेव्हा “बाई चालतील, त्या स्वतःच्या आईलाही आउट देतील,” असं म्हणत सरांनीच संमतीची सही केली होती.

बॅट हातात होती ती मुंगी. तेरा वर्षांची, संघात सगळ्यांत लहान चणीची. हेल्मेट तिच्या डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं दिसायचं.

पिचरचा हात फिरला. चेंडू आत वळला आणि मुंगीच्या हनुवटीपासून चार बोटांवरून गेला. कॅचरचा हातमोजा उशिराच उठला. चेंडू त्याच्या टोकाला कसाबसा अडकला. मुंगी जागची हलली नाही.

“शाब्बास माझी वाघीण,” कुंपणाच्या जाळीमागून तिचे वडील म्हणाले. प्रेक्षकांच्या बाकांवर टाळ्या पडल्या.

पंचबाई हात वर करून पुढे आल्या, वाकल्या आणि कुंचल्याने जमिनीतली पांढरी प्लेट झाडू लागल्या. प्लेट स्वच्छ होती. त्या झाडतच राहिल्या.

“मावशीच्या घरी उजेडाची टंचाई दिसते,” कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. पहिल्या बेसवरची भाची मान खाली घालून बुटाने माती उकरू लागली.

सर प्लेटपाशी गेले.

“दोन-तीन चेंडूंचा प्रश्न आहे, मॅडम.”

“एकच पुरतो, सर.”

“दिसतोय की चांगला.”

“पिवळा दिसतो शेवटपर्यंत. लाल आधी जातो. शिवण दिसली नाही की चेंडू कुठे वळतोय ते कळत नाही.” त्या अजून वाकलेल्याच होत्या. “तिने पापणी लववली नाही.”

“धीट आहे पोरगी.”

“धिटांचीही लवते. दिसलं तर.”

पंचबाईंचं चष्म्याचं दुकान होतं. मागच्या वर्षी तिथल्या खुर्चीत बसून सरांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली होती. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी ती पाठ केली होती. बाईंनी एक शब्द न बोलता तक्ता पालटला होता.

मुंगी बॅट खांद्यावर टाकून जवळ आली.

“सर, मघाचा कुठून गेला?” तिने हळूच विचारलं. “मला नुसता आवाज आला.”

जाळीमागे तिचे वडील अजून टाळ्या वाजवत होते. सरांनी तिच्या हातातली बॅट काढून घेतली.

“तू बाकावर बस जरा,” ते म्हणाले. ती दूर गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, मीच माघार घेतो. मी सांगतो त्यांना. तुमच्यावर बालंट नको.”

“तुम्हाला उद्या यांच्याच पोरी शिकवायच्यात.”

“आणि तुम्हाला यांनाच चष्मे विकायचेत. भाचीसाठी केलं म्हणतील सगळे.”

“म्हणतीलच.” पंचबाई सरळ झाल्या. कुंचला त्यांनी खिशात ठेवला. “म्हणतील म्हणून तर दोन चेंडू गप्प बसले मी. त्यातला दुसरा तिच्या हनुवटीजवळून गेला.”

ते दोन चेंडू सरांशिवाय कुणी मोजले नव्हते, आणि ते स्वतः कुणाला सांगायला जाणार नव्हते. बाईंना गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन कागदावर दोन ओळी लिहून देता आल्या असत्या. तशीच रीत होती, आणि मग ती बातमी लोकांपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून गेली असती.

बाई टेबलाकडे गेल्या नाहीत. त्या जाळीकडे चालू लागल्या, जिथे आवाज सगळ्यांत मोठा होता तिथे. जाता जाता त्यांनी तोंडावरची जाळी काढून काखेत धरली. कपाळावर तिच्या पट्ट्याचा वळ उमटला होता, केस घामाने चिकटले होते. त्या मुंगीच्या वडिलांच्या समोर, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि बाकं शांत होईपर्यंत थांबल्या. शांत व्हायला वेळ लागला.

“उजेड पुरत नाही. खेळ थांबला,” शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “दोन चेंडू आधीच थांबवायला हवा होता. तो उशीर माझा.”