काळा ठिपका

“काका, हाच फोटो भिंतभर मोठा करून द्या,” लेकराला कडेवर सावरत आई म्हणाली. “उद्या ऑपरेशन. आत गाठ आहे, डावा डोळा काढणार. यात दोन्ही कसे टपोरे आलेत!” फोटोग्राफरने तो हातात घेतला. लेकराच्या वाढदिवसाला रोलच्या जुन्या कॅमेऱ्यावर नवा फ्लॅश चढवून त्यानेच काढला होता. “डॉक्टर विचारत होते,” ती म्हणाली, “फ्लॅशच्या फोटोत बुबुळ पांढरं दिसलं नव्हतं का? गाठ असली की तसं दिसतं म्हणे. वेळीच कळलं असतं तर डोळा वाचला असता. मी हाच दाखवला. यात कुठे काही होतं?” त्याची मान वर होईना. “होतं, पोरी. डाव्या डोळ्यात पांढरं आलेलं. मला वाटलं, फ्लॅशचाच दोष. म्हणून मीच कुंचल्याने काळा ठिपका दिला.” तिने अंगठा ओला करून फोटोतल्या डोळ्यावरून फिरवला, लेकराचं तोंड पुसावं तसा. काळा रंग निघाला. “दिसत होतं,” ती म्हणाली.