पारोसा आवाज

रविवार, सकाळचे साडेदहा. सार्वजनिक वाचनालयाचे वरच्या मजल्यावरील सभागृह. आत्याच्या गायनाला अर्धा तास अवकाश होता, आणि तिचा भाचा रंगमंचाच्या कडेला एका लोखंडी डबीसमोर गुडघे टेकून बसला होता. आत्याच्या मायक्रोफोनची वायर त्या डबीत शिरत होती आणि पलीकडून तिच्या दोन होऊन निघत होत्या: एक सभागृहाच्या मिक्सरकडे, म्हणजे त्याच्याकडे, दुसरी शेजारच्या खोलीत, ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंकडे.

या दुसऱ्या वायरीने त्याची झोप उडवली होती. गेली तीन वर्षे आत्याचा वरचा सूर फाटत होता. तो जवळ आला की भाचा तिचा आवाज केसभर खाली घेई, साथीची वाद्ये चढवी, वर थोडा घुमारा पसरी. आत्यासमोरच्या स्पीकरमधूनही तिला तिचा आवाज असा सावरलेलाच परत मिळे. सत्तरीच्या बाईला आता गाण्याखेरीज आहे काय, असे त्याचे म्हणणे होते. श्रोते खूश, आत्याही खूश. ही डबी मात्र त्याचा हात लागण्यापूर्वीच आवाज वाटून मोकळी होत होती.

"बाई, माझ्या मिक्सरमधूनच घ्या ना," त्याने सकाळीच विनवले होते. "तयार माल मिळेल."

"दादा, मला आवाज पारोसाच लागतो. आंघोळ मी घालीन."

"घाला की! पण आत्याला त्यानंतरच ऐकवा."

"छे! गाणाऱ्याने पारोसा ऐकल्याशिवाय मी पुढचं काम करत नाही."

आता त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दुसऱ्या वायरीचा प्लग बोटभर उपसून ठेवला.

आत्याने मायक्रोफोनवर एक ओळ म्हटली. खोलीतून बाईंची हाक आली, "इकडे काहीच येत नाही!"

"वायर गेली असणार," भाचा म्हणाला. "मिक्सरमधून देतो."

"चिमण्या, तीस वर्षं झाली तुला या धंद्यात," आत्या मायक्रोफोनवरूनच म्हणाली, "आणि एक वायर जोडता येईना?"

साथीदार खो-खो हसले. पन्नाशीचा चिमण्या कानापर्यंत तांबडा झाला. खोटे बोलायला त्याची तयारी होती. अडाणी ठरायला नव्हती. प्लग खटकन जागेवर बसला.

गाणे रंगले. वरचा सूर तीनदा आला, तीनदा त्याची बोटे मिक्सरवर सरकली, आणि तीनदा टाळ्या पडल्या.

सभागृह रिकामे झाल्यावर आत्या बाईंच्या खोलीत हेडफोन लावून बसली. भाचा दारातच थबकला. त्याला ऐकू काहीच येत नव्हते; फक्त तिचा चेहरा दिसत होता. मांडीवर ठेका धरणारे तिचे बोट एकाएकी थांबले. तिने खुणेनेच तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. नंतर हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले आणि भाच्याच्या बोटांकडे पाहिले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"सांगितलं असतंस तर गाण्याची पट्टी दोन सुरांनी उतरवली असती रे," आत्या म्हणाली. "तीन वर्षं उगाच ओरडले मी."