अध्यक्षांच्या बरण्या

लिहिणारच नव्हतो हे. यातली सगळी माणसं मला रोज भेटतात, तोंड लपवायला जागा नाही. पण काल गवंड्यानेच रस्त्यात अडवून विचारलं, "काय रे, लिहिलंस का ते?" म्हणून.

अध्यक्षांना जाऊन महिना झाला होता. सत्तावीस वर्षं ते पाणीवाटप समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरी सगळे जमले होते, भाषणं झाली. सगळ्यांचा सूर एकच, अध्यक्ष कधी कुणाला वाकडं बोलले नाहीत. खरंच नाही बोलले. बैठकीत भांडण पेटलं की ते चष्मा काढून पुसत बसायचे, समोरचा दमेपर्यंत.

मग त्यांच्या मुलाने मागची बियाण्याची खोली उघडली. फळ्यांवर काचेच्या चाळीसेक बरण्या. पेरणी आठ दिवसांवर आलेली, आणि दरवर्षी अर्धं गाव बियाणं इथूनच न्यायचं. बरणीत वाल आहे हे कुणालाही दिसतं. पण लवकरचा की उशिराचा, बुटका की मांडवावर चढणारा, ते बी बघून कळत नाही. ते फक्त अध्यक्षांना ठाऊक. यंदा चुकीचं पेरलं तर वर्ष गेलं, आणि पेरलंच नाही तर पुढच्या वर्षी ते उगवेल याची खात्री नाही. मुलगा शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. माझा जुना दोस्त. संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होता.

"बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत की," मी म्हटलं.

"वाचू नका," त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दारातून म्हणाल्या. "ज्याने पहिल्यांदा बी दिलं त्याचं नाव लिहायचे ते. पण खरं नाव नाही. मनातलं."

"आई, ज्याने दिलं त्यालाच माहीत असणार ना, काय दिलं ते?" मुलाने पहिली बरणी उचलून चिठ्ठी वाचली. "उद्या नक्की."

मग एकेक मान गवंड्याकडे वळली.

"मी?" गवंडी म्हणाला.

"मागच्या पायऱ्या कधी होणार?" काकूंनी विचारलं.

"उद्या न..." तो थांबला. खोलीभर हसू फुटलं. त्याचे कान लाल झाले. "वाल आहे तो. उशिराचा. मांडव लागतो."

मी पेन घेऊन बसलो आणि चिठ्ठीखाली लिहीत गेलो.

"फाटका भोंगा."

"बघताय काय माझ्याकडे?" मुख्याध्यापिका बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "काकडी आहे. कडू निघत नाही. सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर मान डोलवत बसला, आणि घरी येऊन हे लिहीत होता?" पण त्याही हसत होत्या.

"बैठकीत घोरणारा." तीन हात वर गेले. तिघंही अभिमानाने. आत भोपळ्याचं बी होतं, त्यामुळे दोघांना हात खाली घ्यावे लागले.

पुढची बरणी मुलाने वाचली आणि मुकाट्याने परत ठेवली.

"दे इकडे," वरच्या मळ्यातला म्हातारा म्हणाला. अध्यक्षांच्या विरोधात हा प्रत्येक निवडणुकीला उभा राहिला, प्रत्येक वेळी पडला. बरणी डोळ्यांजवळ धरून त्याने स्वतःच मोठ्याने वाचलं, "चोरून पाणी वळवतो."

आता कुणी हसलं नाही. आमच्याकडे यापेक्षा वाईट काही म्हणता येत नाही.

"कांदा आहे," म्हातारा म्हणाला. "वर्षभर टिकतो. माझ्या आईकडचा." मग काकूंकडे बघून, "म्हणजे त्याला माहीत होतं?"

"सगळं."

"आणि कधी बोलला नाही?"

"मला बोलायचे ना. रोज जेवताना."

म्हाताऱ्याने बरणी छातीशी धरली. "दोनदाच वळवलं," तो हळू म्हणाला.

"बरणीवर आकडा नाही," गवंडी म्हणाला.

आधी म्हातारा हसला. असा हसला की त्याला बाहीने डोळे पुसावे लागले. मग बाकीचे. मी चिठ्ठी खरवडायला लागलो, तर त्याने माझा हात धरला.

"ते पुसू नकोस. खाली कांदा लिही."

दुपारपर्यंत एकूण एक बरणीचा पत्ता लागला. लोक पिशव्या भरून गेले, जाताना एकमेकांना नव्या नावांनी हाका मारत.

"आणि तुझी रे?" बाईंनी मुलाला विचारलं. "तुझी बरणी दिसली नाही."

"मला सगळं तोंडावरच मिळायचं."

"तसं नाही," काकू रिकाम्या बरण्या पुसत म्हणाल्या. "तू बी दिलंसच कधी? प्रत्येक वेळी नेलंस तेवढं."

त्याने हसून मान हलवली. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो.

गाडी आली तेव्हा म्हणाला, "ऐक. माझ्या गॅलरीत रंगाच्या डब्यात एक मिरची लावलीय. कसली आहे माहीत नाही, पण जीभ जाळते. पिकली की बी पाठवतो. आईला नेऊन दे."

"देतो."

"चिठ्ठी तू लिही. आणि गोडगोड लिहिलंस तर बघ."

"शब्द देतो," मी म्हटलं. "वाचून चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीस, असंच लिहीन."